यकृताच्या आजाराशी जोडलेले हार्ट फेल्युअर : वेगळी मोजणी हवी की नको?

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)

जगात हार्ट फेल्युअरचे सहा कोटींहून अधिक रुग्ण आहेत. शरीराला लागते तेवढे रक्त पुढे ढकलणे या रुग्णांच्या हृदयाला जमत नाही. आजारांचा जागतिक भार मोजणाऱ्या ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’ या अभ्यासात हार्ट फेल्युअर हे मृत्यूचे मूळ कारण धरले जात नाही. ते ज्या आजारातून उद्भवले त्याच्या, म्हणजे करोनरी (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या) धमन्यांचा विकार, उच्च रक्तदाब, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार अशांच्या नावावर ते मांडले जाते. फॅटी लिव्हर, म्हणजे यकृतात जादा चरबी साठलेल्या माणसांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच असते, त्यामुळे असा माणूस गेला की तो हृदयाच्या खात्यावर जातो आणि त्याच्या यकृताचा उल्लेख हिशेबात कुठेच उरत नाही.

ही त्रुटी दूर व्हावी, अशा मृत्यूंची वेगळी मोजणी व्हावी, असे माझे ठाम मत आहे. एक कोटीहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून 2022 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, वय, मधुमेह, रक्तदाब यांसारखे घटक विचारात घेतल्यावरही, फॅटी लिव्हर असलेल्यांना हार्ट फेल्युअरचा धोका सुमारे दीडपट आढळला. आपल्या केंद्र सरकारने फेब्रुवारी 2021 मध्ये असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला. मग त्याच तपासणीत ‘जिना चढताना धाप लागते का, संध्याकाळी पावलांवर सूज येते का, रात्री उशाला जास्त उशा घ्याव्या लागतात का’ हे तीन प्रश्न का विचारू नयेत?

सांख्यिक

प्रश्न जरूर विचारावेत. वेगळ्या खात्याला मात्र माझा विरोध आहे. ज्याला फॅटी लिव्हर आहे त्याच्याच पोटाचा घेर वाढलेला असतो, त्याचीच साखर आणि रक्तदाब चढलेला असतो, आणि हे घटक कितीही काळजीपूर्वक वजा केले तरी त्यांचा अंश मागे राहतोच. दीडपट धोका म्हणजे दीडपट कारण नव्हे.

या बाबतीत जनुकांचा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. पीएनपीएलए3 या जनुकातील एका बदलामुळे यकृतात चरबी जास्त साठते, हे 2008 पासून माहीत आहे. यकृतातील चरबी स्वतःच हृदय बिघडवत असती, तर हा बदल घेऊन जन्मलेल्यांमध्ये हृदयविकार ठळकपणे जास्त दिसायला हवा होता. तसा तो दिसत नाही. टीएम6एसएफ2 या जनुकातील बदलाने तर यकृतातील चरबी वाढते आणि हृदयविकाराच्या झटक्याचा धोका उलट कमी होतो, कारण रक्तातील चरबी घटते. शिवाय एका मृत्यूला मूळ कारण एकच असते. यकृताचे नवे खाते उघडले, की ते मृत्यू रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या खात्यातूनच काढावे लागतील, आणि आरोग्याचा निधी तर या खात्यांकडे पाहूनच ठरतो.

तालुका डॉक्टर

आपण दोघेही यकृताकडून हृदयाकडे पाहत आहात. माझ्या ओपीडीत उलटी वाट जास्त दिसते. ‘पोटात पाणी झालंय’ म्हणून माणूस येतो, त्याला पहिला प्रश्न दारूचा विचारला जातो आणि तो महिनोन्‌महिने यकृताची औषधे घेत राहतो. अशा रुग्णाला पाठ थोडी उंच करून निजवावे आणि उजव्या बरगडीखाली हलकेच दाबून धरत मानेची शीर पाहावी. ती फुगून तशीच राहिली, तर दोष हृदयाकडे असण्याची शक्यता मोठी असते. पोटातील पाण्यात प्रथिने डेसिलिटरमागे अडीच ग्रॅमहून जास्त असतील आणि रक्तातील व पाण्यातील अल्ब्युमिन या प्रथिनाचा फरक 1.1 किंवा त्याहून अधिक असेल, तर संशय आणखी बळावतो. क्षयाने आवळलेले हृदयावरण आणि संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली झडप, दोन्ही आपल्याकडे अजून भेटतात. दोन्हींत यकृत रक्ताने तुंबते आणि दोन्हींवर वेळेत उपाय होऊ शकतो.

सिऱ्होसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कडक झाल्यावर, आणखी एक गुंता असतो. रक्तवाहिन्या सैलावलेल्या असल्याने विश्रांतीच्या वेळी हृदय ठणठणीत भासते आणि यकृत प्रत्यारोपणासारखा ताण आला, की उघडे पडते. याचे निकष 2005 साली ठरले आणि 2019 मध्ये ते बदलावे लागले. हे आपण कोणत्या खात्यावर टाकणार?

आणि खाती भरायची कशातून? मृत्यूच्या कारणाच्या फॉर्म क्रमांक 4 वरच सूचना असते, की हार्ट फेल्युअरसारखी मरणाची रीत लिहू नये, मूळ आजार लिहावा. तरीही तेच दोन शब्द लिहून कागद पुढे सरकतो. 2020 च्या अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण 22.5 टक्क्यांनाच कारणाचा वैद्यकीय दाखला होता.

इंद्रायणीकाठ

तालुका डॉक्टर, दाखल्याचा मुद्दा मी पूर्ण मान्य करते. त्याच फॉर्मच्या दुसऱ्या भागात सहकारी आजार लिहिण्याची जागा असते. तिथे सिऱ्होसिस किंवा फॅटी लिव्हर नेमाने लिहिले गेले, तर मूळ कारणाला हात न लावता माझी मागणी बऱ्याच अंशी पूर्ण होईल.

सांख्यिक, तुमचा जनुकांचा पुरावा मुख्यतः करोनरी विकाराबद्दलचा आहे. हृदयाचे आकुंचन चांगले असूनही ते ताठर झाल्याने होणारे हार्ट फेल्युअर वेगळे, आणि फॅटी लिव्हरशी त्याचेच नाते जास्त जवळचे दिसते. वजनावर विसंबणेही आपल्याला परवडणारे नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, 22.3 होता, शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के निघाली. हे 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छायाचित्रासह छापून आले. असा सडपातळ दिसणारा माणूस सोनोग्राफीत ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ घेऊन येतो आणि ‘तेलकट कमी खा’ एवढे ऐकून घरी जातो. वय, रक्तातील यकृताची दोन एन्झाइम आणि प्लेटलेट यांवरून काढायचा, यकृतातील व्रणांचा अंदाज देणारा फिब-4 हा आकडा 1.3 च्या वर गेला, तर पुढची तपासणी करावी, इतके तरी आपण ठरवू शकतो.

सांख्यिक

ताठर हृदयाबाबतचा आक्षेप रास्त आहे. पण तिथेही एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची औषधे उपयोगी ठरतात हे 2021 आणि 2022 च्या चाचण्यांत दिसले, आणि ती औषधे सुरू करण्यासाठी यकृताचे निदान हाती असावे लागत नाही. रक्तदाबाच्या बहुसंख्य रुग्णांचा रक्तदाब आजही आटोक्यात नसताना आशाताईंच्या यादीत आणखी एक रकाना वाढवण्याआधी मला एवढेच पाहायचे आहे, की एखाद्या जिल्ह्यात फॉर्मचा दुसरा भाग वर्षभर नीट भरला गेला, तर त्यात यकृत किती वेळा येते. तो आकडा मोठा निघाला, तर मी आपल्या बाजूने लिहीन.