अनुभव धागा: आजारपणात सजग स्वप्नांचं काय होतं?

गेल्या महिन्यात मी नऊ दिवस तापाने झोपून होते. व्हायरल ताप, रात्री १०२-१०३ पर्यंत चढायचा. चार वर्षं मी स्वप्नांची वही लिहितेय. एरवी महिन्यातून तीन-चारदा तरी स्वप्न चालू असतानाच लक्षात येतं, ‘अगं, हे स्वप्न आहे.’ ल्युसिड ड्रीमिंग म्हणतात ते. मी त्याला सजग स्वप्न म्हणते, इथेही तोच शब्द वापरते.

तापात एकदाही तसं झालं नाही. वहीत त्या दिवसांच्या तीनच नोंदी आहेत आणि तिन्हींत एकच स्वप्न: एका भिंतीच्या विटा मोजायच्या आहेत, भिंत फुगत जाते, मोजणी चुकते, पुन्हा पहिल्यापासून. इतकं विचित्र स्वप्न एरवी पडलं असतं तर मला तिथल्या तिथे शंका आली असती. तापात आली नाही. मोजणी चुकली की नुसता जीव घाबरा व्हायचा. मग ताप उतरला आणि पाचव्या पहाटे लागोपाठ दोन सजग स्वप्नं पडली, दोन्ही लख्ख.

तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. आजार कोणता, औषध कोणत्या प्रकारचं, सजगता गेली की वाढली, परत कधी आली. कुणी कुणाला गोळ्या मात्र सुचवू नयेत, ही कळकळीची विनंती.

*

ताई, तुमच्या नोंदी शरीराच्या कारभाराशी अगदी जुळतात. सजग स्वप्नं बहुतेक रेम झोपेत पडतात (झोपेचा तो टप्पा, ज्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्नं पडतात), आणि रेममध्ये शरीर आपलं तापमान सांभाळायचं काम जवळजवळ थांबवतं. थंडी वाजून कुडकुडणंही तेव्हा होत नाही. तापात तर शरीराला मुद्दाम तापमान चढवायचं असतं. त्यामुळे संसर्गात रेम कमी होते आणि फारशी स्वप्नं नसलेली गाढ झोप वाढते. रोगाशी लढताना शरीरात इंटरल्युकिन-१ आणि टीएनएफ ही द्रव्यं तयार होतात, तीही याच झोपेकडे ओढतात. बरं झाल्यावर राहिलेली रेम मेंदू भरून काढतो, तिथे तुमची पाचवी पहाट येते.

माझं स्वतःचं सांगायचं तर टायफॉइडनंतर साडेतीन आठवडे काहीच नव्हतं. मग एकाच आठवड्यात चार.

*

हे स्वप्न आहे की जाग, याची खात्री करून घ्यायची माझी पद्धत म्हणजे नाक दाबून श्वास घेऊन बघणं. स्वप्नात नाक चिमटीत धरलं तरी श्वास आत जातो, कारण अंथरुणातलं नाक मोकळंच असतं. सात-आठ वर्षांत ही पद्धत मला एकदाही फसवून गेली नव्हती. मागच्या सर्दीत फसली. स्वप्नात एका जिन्यावर उभा होतो, जिना वर जाऊन पुन्हा खालीच येत होता. शंका आली, नाक दाबलं, श्वास अडला. म्हणजे मी जागा आहे, असं मी स्वप्नातच ठरवून टाकलं आणि तो जिना चढत राहिलो. दोन रात्रींनी नेमकं उलट झालं: श्वास सुळकन आत गेला. दिवसभर नाक बंद होतं, त्यामुळे ती मोकळी हवाच मला सांगून गेली की हे स्वप्न आहे. किती वेळ नुसता श्वास घेत उभा राहिलो!

आता सर्दी झाली की नाकावर विसंबत नाही. कुठलीही पाटी दोनदा वाचतो. स्वप्नात अक्षरं दुसऱ्या वाचनाला बदललेली असतात.

*

माझ्याकडे उलट. खोकल्याने रात्रीतून सहा-सात वेळा उठत होते आणि त्या आठवड्यात पाच सजग स्वप्नं पडली. पहाटे जागं होऊन पुन्हा झोपायचं हे तंत्र लोक गजर लावून करतात, ते खोकल्याने करून घेतलं. ताप मात्र अजिबात नव्हता.

*

सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांबद्दल लिहितो. त्या अँटीहिस्टामाइन असतात आणि त्यांतल्या कितीतरी अॅसिटिलकोलिन या मेंदूत निरोप पोचवणाऱ्या रसायनाचंही काम अडवतात. रेम झोप चालू राहण्यात त्याच अॅसिटिलकोलिनचा मोठा वाटा असतो. म्हणून आजारामुळे सजगता गेली की गोळीमुळे, हे निदान वहीत तरी वेगळं लिहावं. मी गोळीच्या रात्रींना वहीत खूण करतो. तीन हिवाळ्यांत खुणेच्या रात्री एकही सजग स्वप्न नाही.

ही साखळी उलट्या बाजूनेही तपासलेली आहे. अल्झायमरसाठी दिलं जाणारं गॅलँटामाइन अॅसिटिलकोलिन टिकवून धरतं. सजग स्वप्नांचे संशोधक स्टीफन लाबर्ज आणि सहकाऱ्यांच्या २०१८ मधल्या अभ्यासात १२१ जणांना मध्यरात्रीनंतर उठवून, सजगतेच्या तंत्राच्या जोडीने ते दिलं होतं. ८ मिलिग्रॅमच्या रात्री ४२ टक्के लोकांना सजग स्वप्न पडलं, औषध नसलेल्या गोळीच्या रात्री १४ टक्के. हे यंत्रणा कळावी म्हणून लिहितोय. कुणी घेऊन बघावं म्हणून नाही, आजारपणात तर नाहीच.

*

नैराश्यासाठी मी एसएसआरआय गटातलं औषध घेतो. सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांत स्वप्नांची वही कोरी राहिली. तो काळ फार वाईट होता, कारण सजग स्वप्न हीच एक जागा होती जिथे मला मोकळं वाटायचं. मग मी चूक केली. कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या रात्रीपासून स्वप्नं आली ती धरण फुटल्यासारखी. सजग होतो, पण काहीच थांबवता येत नव्हतं. जागेपणी चक्कर, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं. डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. हे औषध रेम दाबतं आणि अचानक सोडलं की ती उसळून येते, हे त्यांनी समजावलं आणि औषध पुन्हा सुरू केलं. आता वर्षातून दोनेक सजग स्वप्नं पडतात. सकाळी उठावंसं वाटतं, ते मला जास्त हवं होतं.

*

मला नार्कोलेप्सी आहे, म्हणजे दिवसाही अनावर झोप येण्याचा आजार. निदान व्हायला सहा वर्षं लागली.

झोप लागल्यावर रेमपर्यंत पोचायला साधारण तास-दीड तास जातो. मी कित्येकदा पंधरा मिनिटांच्या आत तिथे असते. जाग पुरती मावळलेली नसते, त्यामुळे खोली आणि स्वप्न एकमेकांवर चढतात. कपाट दिसतंय, पंख्याचा आवाज येतोय, आणि पायाशी कुणीतरी बसलंय. अंग हलत नाही. हे स्वप्न आहे हे मला ठाऊक असतं, म्हणजे व्याख्येने मी सजगच असते, पण ते ठाऊक असल्याने भीती जातेच असं नाही. नार्कोलेप्सी असलेल्यांना सजग स्वप्नं जास्त पडतात, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे. डॉक्टरांनी ते सांगितलं तेव्हा मी दवाखान्यातच रडले. तोवर वाटायचं, आपलं डोकं फिरत चाललंय.

मला उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगते. रेममध्ये अंगाचे स्नायू ढिले पडलेले असतात, पण डोळे हलतात. याच आधारावर संशोधक कीथ हर्न यांनी १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात, झोपलेल्या माणसाने ठरवून केलेले डोळ्यांचे इशारे यंत्रावर टिपले होते. अंग जखडलं की मी डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवते. आठ-दहा फेऱ्यांत पकड सुटते, किंवा खोली विरून पूर्ण स्वप्न सुरू होतं. मग तिथे चालता-फिरता येतं.

पण ज्यांना हे ‘वरदान’ वाटतं त्यांना दुसरी बाजूही सांगायला हवी. बिल भरलं ते खरंच की स्वप्नात? बहिणीशी भांडण झालं ते कुठे? स्वप्नातल्या माझ्या आठवणी इतक्या साध्या आणि घट्ट असतात की मला फोनमधले मेसेज उघडून खात्री करावी लागते. एकदा तिची माफी मागितली. तिला काही कळेचना, कारण आम्ही भांडलोच नव्हतो.

*

हे वाचून थांबले. ताई, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार.

*

एक वेगळा अनुभव, पण इथे असायला हवा असं वाटतं. बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा ते रात्री छताकडे बोट दाखवून ‘मुंग्या उतरतायत’ म्हणायचे. मला वाटलं, तापातली स्वप्नं. पण डोळे उघडे होते, मला ते आईच्या नावाने हाक मारत होते आणि सकाळी पुन्हा ठीक असायचे. तो डिलिरियम होता, आजारपणात अचानक होणारा भ्रम. तो दिवसात कमी-जास्त होतो, रात्री बळावतो आणि त्यात तातडीने डॉक्टर लागतात. मी एक रात्र वाया घालवली. ती मला अजून टोचते.

*

मला बारा वर्षं संधिवात आहे. सांधे सुजतात त्या आठवड्यांत झोपेचे तुकडे पडतात. स्टिरॉइड चालू असलं तर झोप आणखीच उडते, आणि तेव्हा सजग स्वप्न कधीच पडत नाही. सूज ओसरायला लागली की पडतं. इतक्या वर्षांत मला त्याचा अंदाज आलाय: रक्ततपासणीच्या आधी मला कळतं की यावेळची लाट उतरतेय.

सजग झाल्यावर बहुतेक जण उडतात. मी बरणीचं झाकण उघडते. स्वप्नात माझ्या बोटांना ताकद असते, झाकण फिरतं, आणि ते फिरताना तळहाताला जे लागतं ते मी पुन्हा पुन्हा करून बघते. मागच्या आठवड्यात पाच बरण्या उघडल्या. सहाव्या वेळी जाग आली. उजव्या हाताची मूठ पूर्ण वळलेली होती आणि दुखत नव्हती. मी ती तशीच धरून बराच वेळ पडून राहिले.