मदत हवी आहे : कोथरूड–हिंजवडी कारपूल, पेट्रोलचा वाटा आणि विमा

नमस्कार मंडळी. रोज सकाळी मी कोथरूडहून चांदणी चौक, बावधन, वाकड असं करत हिंजवडी फेज ३ ला गाडीने जातो. सोसायटीतले आणखी तिघं त्याच बाजूला कामाला आहेत. वाकडच्या पुलाजवळ एकेकट्या माणसांच्या गाड्यांची रांग पाहून जीव तुटतो, म्हणून एकत्र जायचं ठरवतोय.

अडचण पैशांची आहे. मला कमाई करायची नाही, फक्त पेट्रोल वाटून घ्यायचंय. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत, आणि खासगी गाडीच्या विम्यातही भाड्याची वाहतूक वगळलेली असते. मग दरमहा यूपीआयने आलेला पेट्रोलचा वाटा भाडं धरला जातो का? कोणी आरटीओकडून किंवा विमा कंपनीकडून लेखी उत्तर मिळवलंय का? तोंडी ‘चालतं हो’वर मला विसंबायचं नाही. अपघात झाला तर शेजाऱ्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवू?

सहप्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात कव्हर जोडून घेणारच आहे. माणशी रक्कम किती ठेवावी?

आळीपाळीने प्रत्येकाने आपली गाडी काढली तर पैशांचा प्रश्नच मिटतो. पण तिघांतल्या एका ताईंकडे गाडी नाही आणि त्यांना वगळणं मला पटत नाही. असं कुणी जमवलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. विमा क्षेत्रातले किंवा वकील कुणी असतील तर त्यांचं मत आधी हवंय, पुढच्या महिन्यापासून सुरू करायचा विचार आहे.