अनुभव धागा: शिवरात्र ते पाडवा, कुंड्यांचं काय काय करता? (ठाणे-नवी मुंबई)

होळी जळाली, थंडी पळाली म्हणतात. आमच्या चरईत ती होळीचीही वाट बघत नाही. माघ संपता संपता दुपारी गॅलरीची फरशी चटके द्यायला लागते. बागकामाच्या व्हिडिओंत वसंत आला की पेट्युनिया लावा, डेलिया लावा असं सांगतात. आपल्याकडे ती थंडीची फुलं, दिवाळीनंतर लावायची. मार्चमध्ये माना टाकतात. आपला वसंत म्हणजे महाशिवरात्र ते पाडवा, जेमतेम महिना. एवढ्यात जे उरकलं, त्यावर मे महिन्यात कुंडीत झाड राहतं की नुसती काडी, ते ठरतं.

माझ्यापासून सुरुवात. गेल्या रविवारी जास्वंदीची कुंडी बदलली. तीन वर्षं हात लावला नव्हता. उपडी केली तर माती नावालाच, सगळा मुळांचा पेंडका. वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जायचं आणि मी समजायचे झाड खूप पितंय! बाहेरची गुंडाळलेली मुळं कापली, दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर नीमपेंड घालून पुन्हा लावली. आठवडाभर सावलीत ठेवणार आहे.

तुम्ही काय करता, काय फसलं, ते लिहा. फसलेलं आधी.

मोगरावेडी, घोडबंदर रोड, चौदावा मजला

मोगऱ्याला नव्या फुटीवरच कळ्या येतात, हे कळायला मला चार उन्हाळे लागले. आधी नुसती खतं घालत होते. पानं हिरवीगार, फूल एक नाही. मग गावाकडच्या काकांनी सांगितलं, "पोरी, त्याला ताण दे." शेतात बहार धरतात तसंच. जानेवारीच्या शेवटी पाणी तोडायचं, पानं मलूल दिसायला लागली की फांद्या तिसरा हिस्सा छाटायच्या, उरलेली पानंही ओरबाडून काढायची. मग माती उकरून शेणखत आणि भरपूर पाणी. दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच, पूर्वेच्या सावलीतल्या गॅलरीत एवढी मेहनत करू नका.

चौदाव्या मजल्यावर ऊन परवडतं, वारा नाही. सकाळी भरलेली कुंडी संध्याकाळी कोरडीठाक. नारळाच्या शेंड्या मातीवर पसरल्यापासून बरं आहे. फक्त कबुतरांना वाटतं की घरट्याचं सामान त्यांच्यासाठीच आणून ठेवलंय.

कुंडीबहाद्दर, कळवा

फसलेलं सांगतो. अडेनियम, ते फुगीर बुंध्याचं वाळवंटी झाड. कुंडी बदलली, मुळं छाटली आणि कौतुकाने त्याच संध्याकाळी तांब्याभर पाणी घातलं. दोन आठवड्यांत बुंधा बोटाने दाबला तर पिकलेल्या केळ्यासारखा. कापलेली मुळं सुकेपर्यंत पाच-सात दिवस पाणी द्यायचं नसतं म्हणे. आता माहीत झालं, झाड नाही.

पानवाली, नेरुळ

आपल्याकडे पानगळ आणि पालवी एकाच वेळी येते, हे कोणी लक्षात घेत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या सोसायटीत देशी बदामाची लालबुंद पानं आणि पर्जन्यवृक्षाचा बारीक पाचोळा इतका पडतो की झाडणाऱ्या मावशी वैतागतात. पूर्वी तो कोपऱ्यात पेटवून द्यायचे. मी दोन वर्षांपासून खतासाठी त्यांच्याकडून गोण्या भरून घेते. आधी हसायच्या, आता माझ्यासाठी बांधूनच ठेवतात.

स्वयंपाकघरातल्या कचऱ्याचं खत करायच्या डब्याला वास का येतो, तर सुकं कमी पडतं. साली-देठांचा एक थर असेल तर पाचोळ्याचे दोन. आंबट ताक शिंपडायचं, चार दिवसांनी ढवळायचं. बदामाचं पान जाड, ते चुरडून घातलं तरच कुजतं. पर्जन्यवृक्षाचा पाचोळा सोन्यासारखा, आहे तसा घाला. पहिल्या वर्षी मी पाचोळ्यात कंजूषपणा केला आणि अळ्या डब्याबाहेर फिरायला निघाल्या. घरच्यांनी डबा जिन्यात नेऊन ठेवला, शेजाऱ्यांनी परत दारात.

खत व्हायला दोनेक महिने धरा. आत्ता जमवलेल्या गोण्या पावसाळ्यातही पुरतात, तेव्हा सुकं पान शोधून मिळत नाही.

रो हाऊसवाला, कोपरखैरणे

जमीन आहे म्हणून लोक हेवा करतात. फूटभर खणा की मुरूम, फरशीचे तुकडे, एकदा तर अख्खा पाईप. शेवटी विटा रचून जमिनीच्या वर फूटभर उंच वाफा केला. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावतो. गवार आणि लाल माठही लावतो. माठ पंचवीस-तीस दिवसांत ताटात. कोथिंबिरीच्या नादाला आता लागू नका, ऊन लागलं की पान सोडून फुलावर येते.

काकडीला फुलं भरपूर, धरत एकही नव्हती. मधमाशाच फिरकत नव्हत्या. आता सकाळी नर फूल तोडून मागे इवली काकडी असलेल्या मादी फुलावर स्वतः फिरवतो. बायको म्हणते, लग्नं जुळवायचं वय झालंय तुमचं.

कढीपत्ता, वसंत विहार

कढीपत्त्याला आता कोवळी फूट आली असेल तर पानांवर नीट बघा. चिमणीच्या शिटेसारखं काही दिसलं तर पुसू नका, फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवीगार. मी पहिल्या वर्षी नीमतेल फवारून सगळ्या मारल्या. मग एका रविवारी ओवळ्याच्या ओवळेकर वाडीत गेलो. कोण कुठल्या झाडावर अंडी घालतं ते तिथे समोर पाहिलं आणि ओशाळलो. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत (2015 साली घोषित) हेही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. आता दोन कुंड्या आहेत, एक फोडणीसाठी, एक अळ्यांसाठी. अळ्यांना हा करार मान्य नाही.

नीमतेल जास्वंदीसाठी ठेवा. पिठ्या ढेकूण दिसला की लिटरभर पाण्यात पाच मिली तेल, थोडं साबणाचं पाणी, आणि फवारणी ऊन उतरल्यावरच. भर दुपारी मारलं की पानं करपतात.

नवीन सभासद, खारघर

मोगरावेडीताई, तुमचं वाचून काल मोगरा छाटला, पानंही ओरबाडली. सासूबाईंनी वीस वर्षं जपलेलं झाड. त्या माहेरी गेल्यात, पाडव्याला येतील. तोवर निदान पालवी फुटेल ना?

मोगरावेडी, घोडबंदर रोड

आधी पाण्याचा ताण दिला होता का?

नवीन सभासद, खारघर

नाही.