जून १९१९ ते डिसेंबर १९२०: हो ची मिन्ह दीड वर्षात कम्युनिस्ट झाले कसे?

धरमपेठचा_पोट्टा:
नमस्कार मंडळी. इतिहासात एम.ए. करतोय, नागपुरातच. एक गोष्ट डोक्यात बसूनच नाही राहिली. जून १९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेपुढे ‘न्गुयेन आइ क्वोक’ अशा सहीचं आठ मागण्यांचं निवेदन गेलं. हे म्हणजे व्हिएतनामचे पुढचे नेते हो ची मिन्ह, तेव्हा या नावाने वावरत; व्हिएतनाम तेव्हा फ्रेंचांची वसाहत. राजकैद्यांना माफी, छापायची आणि सभा भरवायची मोकळीक, फतव्यांऐवजी कायदे, फ्रेंच संसदेत व्हिएतनामी प्रतिनिधी वगैरे. स्वातंत्र्य हा शब्दच नाही! आपल्याकडच्या मवाळांनी लिहावा तसा अर्ज. आणि डिसेंबर १९२० मध्ये हाच माणूस फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत. मधे झालं काय?

बर्डीवाला:
रशियाचा पैसा. अजून काय.

रिटचवाले_काका:
बर्डीवाले भाऊ, रशियाचा पैसा खाणारा माणूस फोटो रिटच करत नाही बसत. हे मी सांगतो, कारण महालातल्या एका स्टुडिओत ३१ वर्षं मी तेच केलं. पॅरिसमध्ये या माणसाचं पोट त्यावरच होतं. फान चाउ त्रिन्ह नावाचे त्यांचे वडीलधारे देशभक्त तिथे हेच काम करायचे, त्यांच्याकडून हे शिकले. कामगारांच्या एका पत्रात जाहिरातही दिली होती: घरच्या माणसांची जिवंत आठवण हवी असेल तर फोटो आमच्याकडे रिटच करा, सुंदर फ्रेमसकट ४५ फ्रँक. जोडीला ‘चिनी पुराणवस्तू’ रंगवायचे, ज्या फ्रान्समध्येच तयार होत. हे त्यांनी स्वतःच पुढे मिश्किलपणे लिहून ठेवलंय.

पोरा, तुला हे काम माहीत नसेल. निगेटिव्हवर आधी मीडियम चोळायचं, म्हणजे पेन्सिल धरते. शिसं सँडपेपरवर घासून सुईसारखं करायचं. खालून उजेड, डोळ्याला भिंग. निगेटिव्हवर काळं केलं की फोटोत पांढरं उमटतं, म्हणून देवीचा व्रण पेन्सिलीने भरायचा. आमच्याकडे निम्मी गिऱ्हाइकं तेराव्याच्या आधी यायची. लग्नाच्या ग्रुप फोटोतून म्हाताऱ्याला उचला, खांद्यावरचा शेजाऱ्याचा हात उडवा, फेटा चढवा, हार घालण्याजोगा मोठा करून द्या. दिवसभर हे केलं की संध्याकाळी पेपरातलं अक्षर नाचतं. आणि हा माणूस त्यानंतर वाचनालयात अन् सभांना जायचा.

आता तुझा प्रश्न. ‘मवाळ ते जहाल’ असं बघू नको. १९११ मध्ये हा पोरगा सायगावहून बोटीवर भटारखान्यात हरकाम्या म्हणून निघाला आणि मार्सेला उतरून त्याने फ्रेंचांच्याच वसाहत-शाळेत (वसाहतींचे अधिकारी घडवणाऱ्या) प्रवेशासाठी अर्ज केला. नाकारला. १९१९ चं निवेदन हा त्याच रांगेतला दुसरा अर्ज समज. त्याची फ्रेंच तेव्हा कच्ची होती, मजकूर बराचसा फान वान त्रुओंग या वकिलाच्या हातचा. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सनसाहेबांनी राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची भाषा केली होती ना, म्हणून आशा. परिषदेने ढुंकूनही बघितलं नाही. बघितलं ते फ्रेंच पोलिसांनी. तेव्हापासून मागे माणसं लागली, आणि त्यांचे आजचे चरित्रकार त्या पोलिसांच्या अहवालांवरच जगतात.

तोवर ते फ्रेंच समाजवादी पक्षात आले होते. कशासाठी? मार्क्स वाचून नाही. पक्ष काय, युनियन काय, समाजवाद काय, हे काहीच कळत नव्हतं, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. ही मंडळी आपल्याशी सहानुभूतीने वागतात, एवढंच. पक्षात तेव्हा भांडण चालू होतं, दुसऱ्या इंटरनॅशनलमध्ये (समाजवादी पक्षांची जुनी आंतरराष्ट्रीय संघटना) राहायचं की लेनिनच्या नव्या, कम्युनिस्ट तिसऱ्यात जायचं. हे आपलं दर सभेत एकच विचारायचे: वसाहतीतल्या लोकांच्या बाजूने यांतली कोणती? जुलै १९२० मध्ये ‘ल्युमानिते’ या पक्षाच्या वृत्तपत्रात लेनिनचा वसाहतींवरचा मसुदा छापून आला. अर्धा कळला नाही, पुन्हा पुन्हा वाचला, आणि खोलीत एकटे असताना भर सभेत बोलावं तसे मोठ्याने बोलले म्हणे. दीड वर्षात माणूस बदलला नाही रे. त्याला उत्तर देणारा सापडला.

ताई_रामदासपेठ:
काका, मस्त. दोन गोष्टी जोडते. एक, ‘हो ची मिन्ह’ हे नाव १९४० नंतरचं, तेव्हा प्रबंधात १९२० साठी न्गुयेन आइ क्वोकच लिही. दुसरी आपल्या गावाची. फ्रान्सच्या तूर शहरातलं समाजवादी पक्षाचं अधिवेशन, ज्यातून कम्युनिस्ट पक्ष निघाला, ते २५ ते ३० डिसेंबर १९२०. त्याच आठवड्यात काँग्रेसचं अधिवेशन इथे, नागपुरात! असहकाराच्या ठरावावर इथेच शिक्कामोर्तब झालं, जिनांनी त्यानंतर काँग्रेस सोडली. काँग्रेसनगर हे नाव त्यावरूनच, असं माझे आजोबा सांगायचे. आणि लेनिनच्या त्या मसुद्याला मॉस्कोत पुरवणी मसुदा जोडणारे होते आपले भारतीय कम्युनिस्ट मानवेंद्रनाथ रॉय.

धरमपेठचा_पोट्टा:
बाप रे, हे माहीतच नव्हतं. तूरला ते बोलले का? की नुसतं मत दिलं?

रिटचवाले_काका:
बोलले तर! आमच्याकडे शाळांपेक्षा तुरुंग जास्त आणि ते कायम भरलेले, अफू आणि दारू लोकांच्या गळी उतरवतात, असं. मधेच ज्याँ लाँगे म्हणाले, मी बोललोय की तुमच्या लोकांच्या बाजूने. हे लाँगे म्हणजे मार्क्सचे सख्खे नातू, आणि तिसऱ्या इंटरनॅशनलला त्यांचा विरोध. तिसऱ्यात जायच्या बाजूने मतदान झालं ३,२०८ विरुद्ध १,०२२. म्हणजे आपल्या माणसाने मत दिलं ते मार्क्सच्या नातवाच्या विरोधात.

त्या भाषणाचा फोटो नेटवर सापडेल, बघ. दाढी-मिशांचे जाडजूड लोक टेबलांना बसलेत आणि मधे हा काटकुळा उभा. मी भिंग घेऊन बघितला. कोट खांद्यावरून लोंबतोय. आमच्या स्टुडिओत आला असता तर मालक म्हणाला असता, खांदा भर, कोट ताठ कर. कोणीतरी तो तसाच सोडलाय.