संततिनियमन पोरांना कधी सांगायचं: नववीत की लग्नानंतर?

विज्ञानाच्या बाई, चोपडा तालुका
22 वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये मानवी प्रजननाचा पाठ आहे, पाळीचं चक्र आहे, गुप्तरोगही आहेत. तो पाठ आला की आमच्यातले बरेच जण ‘घरी वाचून घ्या’ म्हणत पुढच्या पाठाला लागतात. सुरुवातीची काही वर्षं मीही तेच केलं. त्याची टोचणी अजून जात नाही.

या आखाजीला एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. वय 19, जळगावात कॉलेजला. दिवस गेल्याची शंका आली तेव्हा मैत्रिणीने मेडिकलमधून गोळ्या आणून दिल्या. चिठ्ठी नाही, तपासणी नाही. 11 दिवस अंगावरून जात होतं आणि पोरगी खोलीवर एकटी. संबंधानंतर 72 तासांच्या आत घ्यायची गोळी आणि गर्भपाताची गोळी एकच, असं ती समजून चालली होती. पहिलीने स्त्रीबीज बाहेर पडणं लांबतं. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. दुसरी डॉक्टरला न दाखवता घेतली तर जिवावर बेतू शकतं. एवढा फरक मी दोन तासिकांत सांगितला असता.

माझं म्हणणं असं, की शरीर, पाळी आणि ‘नाही’ म्हणायचा हक्क हे आठवीपासून सांगावं. निरोध, गोळ्या, गुप्तरोग नववी-दहावीत. मुलींना आणि मुलांनाही.

रावेरचा बाप
ताई, त्या पोरीचं वाचून पोटात कालवलं. तरी माझा विरोध आहे. माझी मुलगी नववीत आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलीशी संबंध हा गुन्हा आहे, तिची संमती असली तरी. मग त्याच वयाला साधनं शिकवायची कशी? 2007 मध्ये याच राज्याच्या विधानसभेत शाळेतल्या लैंगिक शिक्षणाला विरोध झाला, तो करणारे सगळेच अडाणी नव्हते. आणि शिकवणार कोण? आमच्या शाळेत सात शिक्षक, त्यातले सहा पुरुष. नको त्या माणसाच्या हाती हा विषय पडला तर? आई आहे, मावशी आहे, मामी आहे. त्यांनी सांगावं.

विज्ञानाच्या बाई
मावशी काय सांगते, तेही वर्गात ऐकते मी. ‘लोणच्याला हात लावू नको.’ तिथेच संपतं.

उपकेंद्रातली सिस्टर, यावल
दादा, तुमची भीती खरी आहे. पण नको त्या माणसापासून वाचायलाच मुलीकडे शब्द लागतात. 1994 आठवा. जळगावात मुलींना फोटोंची धमकी देऊन छळलं गेलं. घरी तोंड उघडता आलं असतं तर त्यातल्या काही तरी वाचल्या असत्या, असं मला आजही वाटतं.

पोक्सो माहिती द्यायला मनाई करत नाही. सरकारचाच राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे, तो 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठीच. सरकारी दवाखान्यांत त्यासाठी मैत्री क्लिनिक असतं. पण दारात ओळखीचं कोणी भेटेल या धास्तीने पोरं येत नाहीत. 18 च्या आतली मुलगी तर पोलिसांच्या भीतीने बोगस डॉक्टर गाठते. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय, की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही. हे गावात कोणाला माहीत आहे?

आप्पा, शिरपूर
आमना टाईमले कोनी काय शिकाडं व्हतं? तरी आमना संसार व्हयनातच ना. लगीन झालं की सांगा, त्याआधी नको.

नंदुरबारची सून
आप्पा, संसार झाले, पण कोणाच्या जिवावर? माझ्या आजीची नऊ बाळंतपणं, चार मुलं हाती लागली. लग्नानंतर सांगा म्हणता. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के जणींचं लग्न 18 च्या आत झालेलं होतं. आणि नवी नवरी सासूसमोर आशाताईशी बोलते कुठे?

माझं लग्न 19 व्या वर्षी झालं. वर्षाच्या आत पाळणा हलला, दीड वर्षाने दुसरा. दिवस राहू नयेत म्हणून ‘अंतरा’ नावाचं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, त्यासाठीच ‘छाया’ नावाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट. हे मला दुसऱ्या बाळंतपणानंतर कळलं, आणि तेव्हा घरात ऑपरेशनची तारीख ठरली होती. माझ्या ऑपरेशनची. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, हे माझ्या नवऱ्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं. बाई, आधी मुलांच्या वर्गात सांगा.

रावेरचा बाप
मुलांना सांगायचं मला पटलं. नववीतल्या मुलींसमोर निरोध काढायला अजूनही माझा होकार नाही. पण ताई, आधी आम्हा आईबापांना शिकवा. सिस्टर येणार असतील तर मी बायकोला घेऊन येतो. मुलीशी बोलायला बसलो तर कोणता शब्द वापरायचा, तेच मला येत नाही.

विज्ञानाच्या बाई
शनिवारी सकाळची शाळा सुटली की 11 वाजता. रावेरहून उशीर होईल, मी थांबते. आप्पा, तुम्हीही या.