गॉडझिलाच्या गेमची डिस्क घेऊ की नको? पाचपर्यंत सांगायचंय!

चिंतूमामा: रविवारी भाच्याचा वाढदिवस. गॉडझिलाचं वेड आहे. जुन्या डिस्क विकणारा एक जण गॉडझिलाच्या व्हिडिओ गेमचे साडेसात हजार मागतोय, पाचपर्यंत सांगा नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणतो. समीक्षणं वाचली तर सगळे म्हणतात भंगार. खालच्या कॉमेंट्समध्ये जो तो लोटांगण घालतोय. खरं काय? लवकर सांगा.

निशाचर: कुठला गॉडझिला? २००२चा 'डिस्ट्रॉय ऑल मॉन्स्टर्स मेली', २००७चा 'अनलीश्ड' की पीएस४चा (प्लेस्टेशन ४)? सदाशिव पेठेत 'जोशी कुठे राहतात' विचारल्यासारखं झालं हे.

चिंतूमामा: प्लेस्टेशनचाच. कव्हरवर नुसतं गॉडझिला आहे.

सुमेधा_के: म्हणजे २०१५चा. खेळलेय. समीक्षकांनी झोडपलं ते बरोबरच. वळायला कंट्रोलरवरची एल१-आर१ बटणं दाबायची. मागून शेपटीचा तडाखा बसला तरी आपलं धूड डेपोतल्या एसटीसारखं वळतच असतं. शहरात शिरा, जनरेटर फोडा, पुढचं शहर, परत जनरेटर.

घिदोराप्रेमी: संथ आहे म्हणूनच खरा आहे! १९५४च्या सिनेमात हारुओ नाकाजिमा जवळपास शंभर किलोचा सूट घालून चालत होता. वजन जाणवावं म्हणून कॅमेरा जास्त वेगाने चालवून शूट केलं आणि पडद्यावर संथ दाखवलं. समीक्षक स्ट्रीट फायटरसारख्या चपळ मारामारीच्या गेमची फूटपट्टी घेऊन बसले. हेडोरा, बिओलांते, डेस्टोरोया हे गॉडझिलाचे वैरी एका गेममध्ये आणखी कुठे मिळतात?

सुमेधा_के: चाल संथ असणं वेगळं, कंट्रोल गंजलेले असणं वेगळं. २००३च्या 'वॉर ऑफ द मॉन्स्टर्स' या गेममध्येही धुडंच आहेत, पण इमारतीवर चढतात, गाड्या उचलून फेकतात. त्याचं कौतुक झालंच ना?

मॉरिगनभक्त: हे सोडा, डार्कस्टॉकर्स घ्या. १९९४पासूनची मारामारीच्या गेमची मालिका, पण व्हॅम्पायर, ममी, वेअरवुल्फची हातानं काढलेली चित्रं आजही बघत राहावं अशी. २०२२च्या 'कॅपकॉम फायटिंग कलेक्शन'मध्ये मालिकेतले पाचही गेम आहेत.

निशाचर: त्यात गॉडझिला आहे?

मॉरिगनभक्त: नाही. पण गेम चांगला आहे.

गृहोपाय: डिस्कवर ओरखडे असतील तर टूथपेस्ट चोळा. आमच्या सीडी अजून चालतात.

सुमेधा_के: पीएस४ची डिस्क ब्लू-रे असते, सीडी नाही. तिला टूथपेस्ट?! कुणी करू नका रे.

निशाचर: मामा, भाचा एकटाच खेळणार का? यात एका टीव्हीवर दोघांना लढता येत नाही, फक्त ऑनलाइन.

चिंतूमामा: जुळे आहेत. सांगायचं राहिलं.

निशाचर: 😐 कन्सोल पीएस४ की ५?

चिंतूमामा: पांढरा, उभा. ताईकडून फोटो मागवतो.

चिंतूमामा: फोटो आला. डिस्क घालायची फट कुठाय?

सुमेधा_के: नाहीच आहे. पीएस५ची डिजिटल एडिशन आहे ती, आहे तशी डिस्क चालणार नाही. आणि हा गेम ऑनलाइन स्टोअरवरून कधीच काढलाय, म्हणून तर डिस्कचे भाव चढलेत. 'वॉर ऑफ द मॉन्स्टर्स' २०१५मध्ये पीएस४साठी परत आला होता, आणि पीएस४चे बहुतेक गेम पीएस५वर चालतात. स्टोअरवर दिसतो का बघा. दोघांना एकाच टीव्हीवर खेळता येतो.

चिंतूमामा: त्यात गॉडझिला आहे का?

सुमेधा_के: टोगेरा आहे. हिरवा, शेपटीवाला. चुलतभाऊच समजा.

घिदोराप्रेमी: मामा, त्या डिस्कवाल्याचा नंबर मला व्यनि (खाजगी निरोप) करा ना. पाच वाजायच्या आत.