मदत हवी आहे : एकाच समीकरणाची दोन उत्तरे आली आणि दोन्ही चुकली

नमस्कार. अनेक वर्षांनी मी बीजगणित पहिल्यापासून शिकत आहे. क्ष + ५ = १२ अशी एकचल समीकरणे सहज सुटतात, परंतु छेद आणि कंस एकत्र आले की मी अडखळतो. उदाहरणार्थ :

(२क्ष + १)/३ − (क्ष − ४)/२ = ४

छेदांचा लसावि ६ असल्यामुळे मी ६ ने गुणले. पुस्तकातले उत्तर १० आहे, माझी मांडणी मात्र अशी झाली :

४क्ष + २ − ३क्ष − १२ = २४, म्हणून क्ष = ३४
४क्ष + २ − ३क्ष + १२ = ४, म्हणून क्ष = −१०

शिवाय ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम मला पाठ आहे, पण ते का बदलते हे कळल्याशिवाय पुढे जाण्याची इच्छा होत नाही.

उत्तर :

आपण मांडणी दिल्यामुळे चुका नेमक्या दिसल्या. अपूर्णांकाची आडवी रेघ कंसाचेच काम करते, म्हणून छेद काढताना अंशाभोवती कंस अवश्य लिहावा. तो लिहिला असता, तर −३ ने −४ लाही गुणायचे आहे आणि गुणाकार +१२ येतो, हे पहिल्या वेळीच लक्षात आले असते. दुसऱ्या वेळी ६ ने फक्त डावी बाजू गुणली गेली, उजवीकडचा ४ तसाच राहिला.

२(२क्ष + १) − ३(क्ष − ४) = २४
४क्ष + २ − ३क्ष + १२ = २४
क्ष + १४ = २४
क्ष = १०

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर याच चुकीत आहे. जे करायचे ते दोन्ही बाजूंना, संपूर्ण बाजूला करायचे, एवढाच मूळ नियम आहे. शेवटच्या पायरीत १४ पलीकडे गेलेला नसून दोन्ही बाजूंतून १४ वजा केले आहेत. डावीकडे ते नाहीसे होतात आणि उजवीकडे −१४ उरतात, म्हणून चिन्ह बदलल्यासारखे दिसते. ताळाही करून पाहावा : क्ष = १० घेतल्यास ७ − ३ = ४ येतात, ३४ घेतल्यास मात्र २३ − १५ = ८.

प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. मग ५ − २क्ष = ११ मध्ये −२ पलीकडे गेल्यावर +२ का होत नाही?

उत्तर :

कारण −२ हा क्ष चा सहगुणक, म्हणजे क्ष ला गुणणारी संख्या आहे, वेगळे पद नाही. दोन्ही बाजूंतून ५ वजा केल्यावर −२क्ष = ६ उरते. तो गुणाकार सोडवण्यासाठी दोन्ही बाजूंना −२ ने, चिन्हासकट, भागावे लागते आणि क्ष = −३ मिळते.